शिसे नसलेली पेन्सिल आणि शिसे असलेले पेट्रोल

वर्गात 'शिसपेन्सिल' हा शब्द आपण रोज वापरतो. मग एखादी चौकस मुलगी विचारते, "बाई, पेन्सिलीत खरंच शिसं असतं का?" आपण सांगतो की नाही, ते ग्रॅफाइट आहे, कार्बनचे एक रूप. पूर्वी लोकांना ते शिशासारखे वाटले म्हणून तसे नाव पडले. या लेखात आम्ही जी हकीकत सांगणार आहोत ती बरोबर याच्या उलट आहे. तिच्यातल्या पदार्थात शिसे होते, पण त्याच्या नावात ते नव्हते. आणि हे नाव काही गैरसमजातून पडलेले नव्हते.

शिसे विषारी आहे हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. शेंदूर, मुर्दाडशिंग ही शिशाचीच संयुगे. पांढऱ्या शिशाचा रंग लावणारे रंगारी, भांड्यांना झिलई देणारे कारागीर, छापखान्यातले खिळेजुळारी यांना पोटशूळ होतो, मनगटातली ताकद जाते, क्वचित वेड लागते, हे डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेले होते. १९२१ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेने घरांच्या आतल्या भिंतींना पांढऱ्या शिशाचा रंग वापरण्यावर निर्बंध घालणारा करारही केला. योगायोग असा, की त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत शिशाचा एक नवा उपयोग सापडला.

खटखट थांबली

मोटारीच्या इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि मग ठिणगी टाकून ते पेटवतात. दाब फार वाढला, तर ठिणगीपासून निघालेली ज्योत पोचण्याआधीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेट घेतो आणि इंजिनातून खटखट आवाज येतो. याला 'नॉकिंग' म्हणतात. त्यामुळे शक्ती वाया जाते आणि इंजिनाची झीज होते. जास्त दाबाची, म्हणजे जास्त कार्यक्षम इंजिने बनवायची तर ही खटखट थांबवणे भाग होते.

ओहायो राज्यातल्या डेटन येथे जनरल मोटर्सच्या संशोधन विभागात चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली टॉमस मिजली हा तरुण अभियंता या प्रश्नाच्या मागे लागला होता. अनेक पदार्थ वापरून पाहिल्यानंतर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या द्रवाने काम केले. शिशाचा एक अणू आणि त्याला जोडलेले चार एथिल गट अशी त्याची रचना. गॅलनभर पेट्रोलमध्ये जेमतेम ३ घन सेंटिमीटर घातले तरी पुरे.

खटखट थांबवणारा दुसराही पदार्थ माहीत होता. तो म्हणजे अल्कोहोल. आज आपल्याकडे उसापासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात, त्याचाही हा एक गुण आहे. पण अल्कोहोल बरेच घालावे लागे आणि ते कोणालाही बनवता येई, त्यावर कोणाचा हक्क नव्हता. टेट्राएथिल लेडच्या या उपयोगाचे मात्र पेटंट घेता येत होते. फेब्रुवारी १९२३ मध्ये डेटनच्या एका पंपावर शिसेयुक्त पेट्रोलची विक्री सुरू झाली. १९२४ साली जनरल मोटर्स आणि न्यू जर्सीची स्टँडर्ड ऑइल यांनी मिळून त्यासाठी वेगळी कंपनी काढली. मालाचे नाव ठेवले 'एथिल'. शिशाला बगल देऊन उरलेल्या अर्ध्या रेणूचे नाव!

वेड लावणारा वायू

टेट्राएथिल लेड त्वचेतून शरीरात शिरते आणि मेंदूवर परिणाम करते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात ते तयार करणारे कामगार एकामागून एक भ्रमिष्ट होऊ लागले. काहींना अंगात घालायच्या बंदिस्त जाकिटांत बांधून रुग्णालयात न्यावे लागले. पाच जण दगावले, आणि तीसहून अधिक कामगारांना बाधा झाली. कामगारांनी त्या इमारतीला आधीच 'वेड्या वायूची इमारत' म्हणायला सुरुवात केली होती. द्यूपाँ कंपनीच्या दुसऱ्या एका कारखान्यातल्या इमारतीला 'फुलपाखरांचे घर' म्हणत, कारण तिथे काम करणारी माणसे हवेत नसलेले किडे हाताने झटकत बसत.

वर्तमानपत्रांनी ओरड केली. न्यूयॉर्क शहराने आणि आणखी काही ठिकाणच्या अधिकाऱ्यांनी विक्रीवर बंदी घातली. तेव्हा ३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजली यांनी पत्रकारांना बोलावले, त्यांच्यासमोर टेट्राएथिल लेडने हात धुतले आणि बाटली नाकाला लावून मिनिटभर त्याची वाफ हुंगली. हे रोज केले तरी आपल्याला काही होणार नाही, असे ते म्हणाले. त्याआधी पावणेदोन वर्षे, १९२३ च्या सुरुवातीला, शिशाची बाधा झाल्यामुळे त्यांना स्वतःलाच काम सोडून फ्लॉरिडाच्या हवेत विश्रांतीला जावे लागले होते. हे त्यांनी पत्रकारांना सांगितले नाही.

याच दिवसांत अमेरिकेच्या सरकारी खाण विभागाचा अहवाल जाहीर झाला. मोटारीच्या धुरातून शिसे घेणाऱ्या प्राण्यांना काहीही अपाय होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. अहवाल सरकारी, म्हणजे तटस्थ, असे कोणालाही वाटेल. पण प्रयोगाचा खर्च उद्योगाने केला होता. पत्रव्यवहारात 'शिसे' हा शब्द टाळून 'एथिल' म्हणावे, अशी कंपनीची इच्छा विभागाने मान्य केली होती. आणि करारात अशी तरतूद होती, की निष्कर्ष छापण्यापूर्वी ते कंपनीला दाखवावेत आणि तिची संमती घ्यावी.

पेपर कोणी तपासायचा?

आपले मूल ज्या परीक्षेला बसले आहे, त्या परीक्षेचे पेपर तपासण्याचे काम शिक्षकाने घेऊ नये, असा संकेत आपण पाळतो. तो शिक्षक लबाड आहे, असे त्यातून कोणी सुचवत नाही. कदाचित तो आपल्या मुलाला एखादा गुण कमीच देईल. पण त्याच्या मनावर दोन ओढी एकाच वेळी काम करतील, आणि त्यातली कोणती केव्हा जिंकली हे त्याला स्वतःलाही सांगता येणार नाही. याला हितसंबंधांचा पेच म्हणतात. पेच हा परिस्थितीत असतो. त्यात सापडलेला माणूस प्रामाणिक असला तरी तो सुटत नाही.

२० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलनी वॉशिंग्टनमध्ये या प्रश्नावर परिषद बोलावली. तिथे हा पेच सर्वांसमोर आला. एथिल कंपनीच्या प्रतिनिधीने टेट्राएथिल लेड ही देवाची देणगी असल्याचे सांगितले. येल विद्यापीठाचे शरीरक्रियातज्ज्ञ यँडेल हेंडरसन आणि औद्योगिक रोगांच्या थोर अभ्यासक, हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन यांनी कडक विरोध केला. शिशाचे विष हळूहळू साचणारे आहे, ते लक्षात येईपर्यंत सर्वत्र पसरलेले असेल, असा त्यांचा मुद्दा होता. कंपनीने विक्री तात्पुरती थांबवली आणि एक तज्ज्ञ समिती नेमण्यात आली.

समितीच्या हाती काही महिनेच होते. तिने २५२ माणसे तपासली. त्यात मोटारचालक होते आणि गॅरेजमधले कामगार होते. जानेवारी १९२६ मध्ये तिने सांगितले, की बंदी घालण्यास सध्या पुरेसे कारण दिसत नाही. पण त्याच अहवालात एक इशाराही होता. वापर वाढला आणि वर्षानुवर्षे चालला, तर आज न दिसणारे विकार उद्भवू शकतील, म्हणून सरकारी पैशातून हा अभ्यास पुढे चालू ठेवावा. अहवालातले पहिले वाक्य कंपनीला उपयोगी होते आणि तिने ते वापरले. दुसरे वाक्य कोणाच्याच नफ्याचे नव्हते. सरकारने अभ्यासासाठी पैसे दिले नाहीत. विक्री पुन्हा सुरू झाली.

एकाच प्रयोगशाळेची चाळीस वर्षे

मग शिशाच्या परिणामांचा अभ्यास केला कोणी? सिनसिनाटी विद्यापीठातले डॉ. रॉबर्ट केहो यांनी. ते एथिल कंपनीचे वैद्यकीय सल्लागार होते. १९३० साली विद्यापीठात त्यांच्यासाठी केटरिंग प्रयोगशाळा उभी राहिली. पैसा एथिल, जनरल मोटर्स आणि द्यूपाँ यांचा. संशोधन छापण्याचा हक्क विद्यापीठाचा होता, पण छापण्यापूर्वी हस्तलिखित देणगीदाराकडे सूचनांसाठी पाठवायचे, अशी अट होती.

केहो यांना खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्याय्य होणार नाही. कारखान्यातल्या कामगारांची सुरक्षितता त्यांनी खरोखर सुधारली. मोजमापात ते काटेकोर होते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: शिसे निसर्गातच आहे, त्यामुळे ते प्रत्येकाच्या शरीरात थोडे असतेच. शरीर ते बाहेरही टाकते. एका ठरावीक पातळीच्या खाली त्याचा अपाय होत नाही, आणि सामान्य माणूस त्या पातळीच्या बराच खाली आहे. ही पातळी त्यांनी १०० मिलिलिटर रक्तात ८० मायक्रोग्रॅम अशी धरली. अपाय होतो असे कोणाला वाटत असेल, तर त्याने पुरावा दाखवावा, म्हणजे आपण उत्पादन थांबवू, असे ते म्हणत.

हे ऐकायला वैज्ञानिक वाटते. पण पुरावा गोळा करणारी प्रयोगशाळा जवळजवळ एकच, आणि ती त्यांचीच होती!

आता यातली वैज्ञानिक चूक पाहू. विज्ञानाच्या शिक्षकाला ती विशेष शिकवण्यासारखी आहे. कोणत्याही प्रयोगात आपण तुलनेसाठी दुसरा गट ठेवतो. एका कुंडीला खत घालायचे, दुसरीला नाही. केहो यांनी टेट्राएथिल लेड हाताळणाऱ्या कामगारांची तुलना त्याच कारखान्यातल्या, पण ते न हाताळणाऱ्या कामगारांशी केली. दोन्ही गटांच्या मलमूत्रात शिसे सापडले. त्यांनी निष्कर्ष काढला, की शिसे सगळ्यांच्याच शरीरात असते. पण दुसरा गटही त्याच आवारातली हवा आणि धूळ घेत होता! म्हणजे खत न घातलेली कुंडी खताच्या पोत्यावरच ठेवल्यासारखे झाले. पुढे ते मेक्सिकोतल्या, मोटारींपासून दूर असलेल्या खेड्यात गेले. तिथल्या लोकांतही शिसे निघाले. ते लोक मातीच्या झिलईदार भांड्यांत जेवत होते, आणि त्या झिलईत शिसे होते. केहो यांना त्यात 'नैसर्गिक शिसे' दिसले.

ही चूक कोणाही संशोधकाकडून होऊ शकते. एरवी दुसऱ्या विद्यापीठातल्या कोणीतरी ती दोन-चार वर्षांत दाखवून दिली असती. इथे ती चाळीस वर्षे टिकली, कारण दाखवून देणारे कोणी नव्हते. १९५९ साली कंपनीच्या मागणीवरून पेट्रोलमधले शिसे गॅलनमागे ३ वरून ४ घन सेंटिमीटर करायला परवानगी मिळाली. त्या वेळी १९२६ च्या समितीने सुचवलेला अभ्यास झालाच नाही, याबद्दल सरकारी आरोग्य खात्याने खेद तेवढा नोंदवला.

पृथ्वीचे वय मोजणारा माणूस

चूक उघडकीला आली ती भलत्याच बाजूने. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनतज्ज्ञ उल्कापाषाणातल्या शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय काढत होते. ४५५ कोटी वर्षे हा आकडा त्यांनी १९५६ साली प्रसिद्ध केला आणि तो आजही आपल्या पुस्तकांत आहे. हे मोजताना त्यांना एका गोष्टीने छळले. नमुन्यात असायला हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे सापडे. ते येत होते हवेतून, पाण्यातून, भांड्यांतून, स्वतःच्या केसांतून. शेवटी त्यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये धूळ शिरू न देणारी प्रयोगशाळा उभारली.

मग त्यांनी साहजिक प्रश्न विचारला: इतके शिसे येते कुठून? समुद्राच्या वरच्या थरातल्या पाण्यात खोल पाण्यापेक्षा कितीतरी जास्त शिसे होते. याचा अर्थ ते अलीकडेच वरून पडले होते. १९६५ साली त्यांनी लिहिले, की आजच्या अमेरिकी माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या सुमारे शंभरपट आहे. केहो ज्याला 'नेहमीचे' म्हणत होते, ते नेहमीचे होते खरे, पण नैसर्गिक नव्हते. पुढे ग्रीनलंडच्या बर्फाचे थर तपासले, तेव्हा अलीकडच्या थरांत, विशेषतः १९४० नंतर, शिशाचे प्रमाण झपाट्याने वाढलेले दिसले. केहो यांना शिसे नसलेला तुलनागट कधीच मिळाला नव्हता. पॅटरसन यांना तो जुन्या बर्फात आणि खोल समुद्रात सापडला.

इथे एक गोष्ट लपवून चालणार नाही. पॅटरसन यांच्या समुद्रावरच्या कामालाही काही पैसा तेल उद्योगाकडूनच मिळत होता. म्हणजे उद्योगाचा पैसा घेतला की निष्कर्ष खोटा, असे समीकरण मांडता येत नाही. पण त्यांचे निष्कर्ष छापून आल्यावर तो निधी पुढे थांबला. केहो यांचा मात्र चालू राहिला. पुढे १९७१ साली हवेतल्या शिशावर राष्ट्रीय संशोधन परिषदेचा अहवाल तयार झाला. त्या समितीत या विषयातल्या या सर्वांत जाणकार माणसाला घेतले नव्हते.

मुलांचे दात

१९७० च्या दशकात डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी बॉस्टनजवळच्या दोन गावांतल्या शाळांतून पहिली-दुसरीच्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवले. दातात शिसे साठून राहते, म्हणून दात ही शरीराची जुनी वहीच. शिसे जास्त असलेल्या आणि कमी असलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकांच्या सरासरीत चारएक गुणांचा फरक निघाला. त्याहून आम्हाला महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. नीडलमन यांनी शिक्षकांकडून फॉर्म भरून घेतले होते: मूल लक्ष देते का, सूचना पाळते का, हातातले काम पुरे करते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे, हे शिक्षकांना माहीत नव्हते. तरी दातातले शिसे जसे वाढत जाई, तशा शिक्षकांच्या तक्रारीही वाढत जात. यातले एकही मूल आजारी म्हणून डॉक्टरकडे आलेले नव्हते. वर्गात त्यांना फार तर 'लक्ष नसलेली' मुले म्हटले गेले असेल.

हा अभ्यास १९७९ साली छापला गेला. १९९१ मध्ये नीडलमन यांच्यावर आकडेवारीत गैरप्रकार केल्याचा आरोप झाला. आरोप करणाऱ्यांनी न्यायालयात शिसे उद्योगाच्या बाजूने तज्ज्ञ म्हणून काम केलेले होते. नीडलमन यांनी चौकशी जाहीरपणे व्हावी असा आग्रह धरला. तीत गैरप्रकार आढळला नाही.

दरम्यान अमेरिकेत पेट्रोलमधले शिसे कमी होत गेले आणि लोकांच्या रक्तातलेही. १९७६ ते १९८० या काळात १०० मिलिलिटर रक्तात सरासरी १२.८ मायक्रोग्रॅम शिसे होते, ते १९८८ ते १९९१ मध्ये २.८ झाले. शरीरातले बहुतेक शिसे निसर्गाने दिलेले असते, तर ते असे उतरले नसते. आपल्याकडे १९९५ मध्ये मुंबईसह चार महानगरांत शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते देशभर लागू झाले. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया. तिथे ते २०२१ मध्ये थांबले. डेटनच्या पंपापासून मोजले तर ९८ वर्षे झाली. केहो यांची पातळी ८० मायक्रोग्रॅम होती. २०२१ पासून अमेरिकेत मुलांच्या रक्तात ३.५ मायक्रोग्रॅम आढळले तरी लक्ष देण्याची वेळ आली असे मानतात.

वर्गासाठी काही प्रश्न

मग उद्योगांनी संशोधनाला पैसे देऊच नयेत का? लुई पाश्चर यांनी लील शहरातल्या मद्यार्क कारखानदाराच्या अडचणीवरूनच किण्वनाचा अभ्यास सुरू केला आणि त्यातून सूक्ष्मजीवशास्त्र वाढले. पण फरक लक्षात घ्या. पाश्चर चुकले असते, तर नुकसान त्या कारखानदाराचेच झाले असते. म्हणून त्याला खरे उत्तर हवे होते. केहो चुकले तेव्हा पैसे देणाऱ्याचा फायदाच झाला. नुकसान झाले ते प्रयोगशाळेचे नावही न ऐकलेल्या मुलांचे.

आज अनेक वैद्यकीय नियतकालिके संशोधकाला पैशाचे स्रोत जाहीर करायला लावतात. ते चांगलेच आहे. पण खाण विभागाचा खर्च कोण करते हे तेव्हाही काही जणांना माहीत होते. निव्वळ जाहीर केल्याने पेच सुटत नाही, तो दिसतो एवढेच. म्हणून वर्तमानपत्रात 'संशोधनातून सिद्ध झाले' असे वाचले, की विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न विचारायला सांगावे.

१. पैसे कोणी दिले, आणि निष्कर्ष छापायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क कोणाकडे होता?
२. तुलनेचा गट कोणता होता? तो खरोखर वेगळा होता का?
३. हा निष्कर्ष दुसऱ्या, स्वतंत्र प्रयोगशाळेने तपासला आहे का?
४. 'अपाय आढळला नाही' याचा अर्थ शोधूनही सापडला नाही असा आहे, की शोधलेच नाही असा?
५. निष्कर्ष चुकला तर नुकसान कोणाचे होईल?

एखाद्या टूथपेस्टच्या किंवा शक्तिवर्धक पेयाच्या जाहिरातीपासून सुरुवात करता येईल. वर्गात आमचा अनुभव असा, की पहिला प्रश्न मुलांना लगेच सुचतो. पाचव्यापर्यंत पोचायला मात्र त्यांना वेळ लागतो. तेवढा वेळ जरूर द्यावा.